बाबांना बेसबॉल दाखवायचाय? मायनर लीगपासून सुरुवात करा

आई-बाबा एप्रिल-मेमध्ये इकडे अमेरिकेत येतात आणि सप्टेंबरच्या शेवटी परत जातात. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, मॉलमध्ये फिरून पाय दुखतात. जुलैच्या मध्यावर प्रश्न उरतोच, "आता या शनिवारी काय?" आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर सापडायला दोन उन्हाळे गेले.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हौसेने मोठ्या लीगच्या गेमला गेलो. चार तिकिटं, टोल, पार्किंग, पाण्याच्या बाटल्या धरून जो आकडा झाला तो मी बाबांना आजवर सांगितलेला नाही. सीट इतक्या वर होत्या की खेळाडू मुंग्यांएवढे दिसत होते. चौथ्या इनिंगला बाबांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "हे संपतं कधी?"

दुसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "अगं, ब्रिजवॉटरला जा ना." न्यू जर्सीतल्या या गावी सॉमरसेट पेट्रियट्स नावाची मायनर लीगची टीम खेळते. गेलो. बाबा तिसऱ्या रांगेत बसले. पिचरच्या हातून चेंडू सुटतानाचा 'हं' असा आवाज त्यांना तिथून ऐकू आला आणि मग ते शेवटपर्यंत उठले नाहीत. आता उन्हाळ्यात पाच-सहा गेम होतातच. या सगळ्यात आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

१. आपल्या गावाजवळ कोणती टीम आहे ते बघा

मायनर लीग म्हणजे हौशी खेळ नव्हे. हे पगारी खेळाडू असतात. मोठ्या लीगमध्ये ३० क्लब आहेत आणि प्रत्येकाच्या खाली चार टीम, म्हणजे एकूण १२०. चढती भाजणी अशी: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. ही रचना २०२१ पासूनची. खेळाडू कोणाला घ्यायचे, कोणाला वर पाठवायचं हे सगळं मोठा क्लब ठरवतो. स्थानिक टीम तिकिटं विकते, मैदान सांभाळते, तुमची करमणूक करते.

आपली मंडळी जिथे राहतात त्याच्या आसपासच नेमक्या या टीम आहेत, हा योगायोग मला फार आवडतो. एडिसन-पिस्कॅटवेवाल्यांना ब्रिजवॉटरची सॉमरसेट पेट्रियट्स, म्हणजे न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए टीम. कॅरी-मॉरिसव्हिलकरांना डरहम बुल्स, ही ट्रिपल-ए. डॅलसकडे फ्रिस्को रफरायडर्स, तिथे तर आउटफिल्डच्या मागे पाण्यात तरंगत गेम बघायची सोय आहे. ह्यूस्टनजवळ शुगर लँड स्पेस काउबॉइज, अटलांटाजवळ ग्विनेट स्ट्रायपर्स, बे एरियात सॅन होजे जायंट्स. सॅन होजेचं मैदान १९४२ चं आहे आणि तसंच दिसतं. चकचकीत काही नको असेल तर तिथे जा.

काही टीम या १२० मध्ये नसतात. स्वतंत्र लीग असतात, कॉलेजच्या मुलांच्या उन्हाळी लीगही असतात. संध्याकाळ तिथेही छान जाते, पण "आज पाहिलेला मुलगा पुढच्या वर्षी टीव्हीवर" ही गंमत तिथे क्वचितच. ज्यांनी आझाद मैदानावर कांगा लीगमध्ये कोणीतरी पोरसवदा बॅट्समन बघितला आणि पुढे तो रणजी ट्रॉफीत दिसला, त्यांना ही गंमत वेगळी समजावायला नको. ब्रिजवॉटरला २०२२ मध्ये अँथनी वोल्पी नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) खेळत होता. २०२३ च्या सीझनच्या पहिल्याच दिवशी तो यांकीजकडून मैदानात उतरला. बाबा अजूनही फोनवर विचारतात, "आपला वोल्पी काय म्हणतो?"

२. दिवस विचार करून निवडा

सीझन मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतो आणि सप्टेंबरात संपतो. वेळापत्रक अगदी सरळ आहे: पाहुणी टीम मंगळवारी येते, रविवारपर्यंत त्याच मैदानावर सहा गेम खेळते आणि जाते. सोमवारी साधारणपणे सुट्टी. मग पुढचा आठवडा बहुतेकदा आपली टीम बाहेरगावी. तेव्हा 'होम' लिहिलंय ना, ते नीट बघा. आम्ही एकदा पाहुण्यांना गाडीत घालून रिकाम्या पार्किंगमध्ये पोचलो आहोत.

एप्रिलमध्ये जाऊ नका. ईशान्येकडे रात्री इतकं गारठतं की बाबांची माकडटोपीही कमी पडेल. जून ते ऑगस्ट उत्तम.

आठवड्याच्या वारांना बहुतेक ठिकाणी ठरलेल्या योजना असतात. मंगळवारी खाण्यावर सूट, गुरुवारी स्वस्त बिअर, शुक्रवारी किंवा शनिवारी फटाके, रविवारी दुपारी गेम आणि नंतर लहान मुलांना बेसवरून (धाव घेताना गाठायच्या ठिकाणांवरून) धावायला मोकळीक. आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर फटाक्यांचा दिवस घ्या. गुरुवार टाळा, आजूबाजूला कॉलेजची पोरं जरा जास्तच रंगात असतात.

एक सापळा: आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराचा गेम दिसला तर तो बहुधा शाळांसाठी असतो. पिवळ्या बसमधून हजारो मुलं येतात आणि तीन तास किंचाळतात. आईने कानात कापसाचे बोळे घातले होते.

३. तिकीट काढा, पण कुठून आणि कुठलं?

टीमच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. गूगलवर टीमचं नाव टाकलं की सर्वांत वर बऱ्याचदा पुनर्विक्रीची साइट येते. मे २०२५ पर्यंत तिथे आधी बारा डॉलरचं तिकीट दिसायचं आणि शेवटच्या पानावर 'सेवा शुल्क' चढून ते वीसच्या पुढे जायचं. मी एकदा पैसे भरून मोकळी झाले होते, मैदानावर पोचल्यावर पाहिलं तर खिडकीवर तेच तिकीट निम्म्याने मिळत होतं. फटाक्यांचा दिवस सोडला तर खिडकीवर जाऊन काढलं तरी सहसा चालतं. साधारण दहा ते वीस डॉलरमध्ये चांगली सीट मिळते. मांडीवर बसणाऱ्या बाळाला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, वयाची अट मात्र टीमगणिक बदलते.

आता सीट. इथे जरा थांबते, कारण संध्याकाळ सुखाची जाणार की डोळ्यांवर हात धरून, ते इथे ठरतं.

बेसबॉलची मैदानं शक्यतो अशी आखतात की बॅटरचं तोंड पूर्व-ईशान्येला असावं, म्हणजे मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यात जाणार नाही. परिणामी संध्याकाळचा सूर्य होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) आणि थर्ड बेसच्या (बॅटरच्या डावीकडच्या बेसच्या) मागे उतरतो. थर्ड बेसच्या बाजूला सावली आधी येते. फर्स्ट बेसच्या आणि राइट फिल्डच्या लोकांना आठ वाजेपर्यंत ऊन तोंडावर. काही मैदानं याला अपवाद आहेत, म्हणून फोनवर नकाशा उघडून पश्चिम कुठे ते एकदा बघून घ्या.

होम प्लेटच्या मागे जाळी असते. जाळीतून दिसतं का? दोन मिनिटांत डोळ्यांना सवय होते. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर जाळीमागेच बसा, कारण पुढे सांगते. काही मैदानांत आउटफिल्डला गवताचा उतार असतो. तिथलं तिकीट स्वस्त, सतरंजी अंथरून बसायचं, मुलं गडगडत खाली जातात. पण गुडघे दुखणाऱ्यांना तिथे नेऊ नका.

४. निघताना काय घ्याल

- तिकीट फोनवर असतं. घरीच ॲपमध्ये उघडून ठेवा. गेटवर सगळ्यांचं नेट एकदम मंदावतं.
- कार्ड. अनेक मैदानांवर रोख घेतच नाहीत.
- पारदर्शक पिशवी. बऱ्याच ठिकाणी साधी पर्स किंवा पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. नियम टीमच्या साइटवर 'बॅग पॉलिसी' या नावाने असतो, जाण्याआधी वाचा. आईची औषधं आणि बाळाचं सामान सहसा चालतं, पण गेटवर दाखवावं लागतं.
- पाण्याची सीलबंद बाटली. काही टीम एक नेऊ देतात, काही नाही.
- टोपी, सनस्क्रीन आणि जुलैतसुद्धा एक पातळ स्वेटर.
- सही घ्यायची असेल तर पेन. चेंडूवर बॉलपेनची सही टिकते, जाड मार्करची शाई पसरते.
- बिअर घेणार असाल तर वयाचा पुरावा. केस पांढरे झाले तरी मागतात. आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. पाहुण्यांचा पासपोर्ट लागतो, आणि एका बिअरसाठी पासपोर्ट गर्दीत न्यावा असं मला तरी वाटत नाही. बाबांनी लेमोनेडवर भागवलं.

५. खाण्याचं आधीच ठरवा

घरचा डबा आत नेता येत नाही. हे आईला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ठेपले आणि लोणचं गाडीतच राहिलं. त्यामुळे आता आम्ही ब्रिजवॉटरला जाताना आधी बालाजी मंदिरात दर्शन घेतो, तिथल्या कँटीनमध्ये डोसा खातो आणि मग मैदानावर जातो. तुमच्या गावात असं काही असेल तर हा क्रम ठेवा, पोट भरलेलं असलं की आतल्या किमती टोचत नाहीत.

आत गेल्यावर सावध राहायची गोष्ट म्हणजे हॉट डॉग. बेसबॉलचं हे मुख्य खाणं आणि ते बहुतेक बीफचं असतं, नाहीतर पोर्क मिसळलेलं. पाटीवर नुसतं 'हॉट डॉग' लिहिलेलं असतं, म्हणून खात नसाल तर विचारा. शाकाहाऱ्यांना नाचोज, पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झेल, फ्राइज मिळतात. फ्राइज कशात तळल्यात ते काटेकोर पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

पण खरं खाणं म्हणजे शेंगा. हो, आपल्या भुईमुगाच्या भाजलेल्या खाऱ्या शेंगा, टरफलासकट पिशवीत. सगळे फोडतात, दाणे खातात आणि टरफलं पायाशी टाकतात. इथे तशी रीतच आहे. गेम संपल्यावर झाडणारे येतात. बाबांना हे जमेना. "सार्वजनिक ठिकाणी कचरा?" म्हणत त्यांनी सगळी टरफलं पँटच्या खिशात भरली. घरात कोणाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर मात्र टीमला आधी विचारा. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड यार्ड गोट्सनी २०१९ पासून आपल्या मैदानात शेंगा विकणंच बंद केलं. इतर काही टीम ठरावीक दिवशी किंवा ठरावीक भागात तशी सोय ठेवतात.

६. क्रिकेटचं किती वापरायचं आणि किती विसरायचं

सगळे नियम समजावत बसू नका. मी पहिल्यांदा कागदावर आकृती काढली होती, बाबांना झोप आली. एवढं पुरतं:

नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलते. चेंडू पुढच्या काटकोनातच मारायचा. मागे मारलेला सुंदर लेट कट इथे वाया, फाउल, वर एक स्ट्राइक, म्हणजे बॅटरची एक संधी गेली. तीन स्ट्राइकला आउट, पण तिसरा स्ट्राइक साध्या फाउलने पडत नाही. म्हणून एखादा बॅटर फाउलवर फाउल मारत तग धरतो. पिचरने चार चेंडू बॅटरच्या टप्प्याबाहेर टाकले की बॅटरला फुकटात फर्स्ट बेस. चेंडू काटकोनात जमिनीवर लागला की धावायलाच हवं, 'नको, थांब' नाही. आणि ड्रॉ नाही.

बाबांचा पहिला शेरा, "फुलटॉस मारायला एवढी धडपड?" दुसरा, "एवढे मोठे ग्लोव्ह घालून कॅच घेण्यात काय ते?" दोन्ही शेरे येऊ द्या. तिसऱ्या इनिंगपर्यंत ते आपोआप थांबतात.

मायनर लीगची एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर क्रिकेटवाल्या माणसाची चिडचिड होते. पिचर झकास टाकत असतो, पाच इनिंगमध्ये कोणाला मारू दिलेलं नसतं आणि त्याला काढून घेतात. "अरे, का?" बाबा उभेच राहिले होते. कारण त्याने त्या दिवशी किती चेंडू टाकायचे हे मोठ्या क्लबने आधीच ठरवलेलं असतं. त्याचा खांदा हे त्यांचं भांडवल, आजचा विजय नाही. बॅटरलाही कधी नव्या जागी फिल्डिंगला उभं करतात, शिकावं म्हणून. थोडक्यात, इथे टीम जिंकायला खेळतेच, पण प्रत्येक मुलगा मनातून वरच्या पायरीसाठी खेळत असतो. म्हणून माझी पद्धत अशी: स्कोअर बघत बसायचं नाही, एक खेळाडू निवडायचा आणि संध्याकाळभर त्याच्याकडे बघायचं. तो दोन चेंडूंच्या मध्ये काय करतो, आउट झाल्यावर डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागी) कसा परततो. ही मुलं श्रीमंत नसतात. २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला, त्यानुसार त्या वर्षी डबल-एमधला किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर झाला. तुमचा नुकताच नोकरीला लागलेला भाचा याहून जास्त कमावतो.

कधीकधी उलटं होतं. दुखापतीतून बरा होणारा मोठ्या लीगचा खेळाडू दोन-चार दिवस इथे सरावाला येतो. ही बातमी एक-दोन दिवस आधीच फुटते आणि तिकिटं संपतात, तेव्हा टीमच्या पानावर लक्ष ठेवा.

आणि "आपलं कोणी खेळलंय का यात?" हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशचे, दोघेही भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. पुढच्या वर्षी दोघे मायनर लीगमध्ये खेळले. पायरेट्सच्या मुख्य टीमपर्यंत दोघेही पोचले नाहीत.

७. फाउल बॉल, सह्या आणि बाकीची गंमत

बॅटला लागून मागे किंवा बाजूला उडालेला चेंडू प्रेक्षकांत येतो. क्रिकेटमध्ये तो परत फेकतात. इथे तो तुमचा. बाबांनी सवयीने परत फेकला तेव्हा मागच्या लोकांनी कपाळाला हात लावला. पण हा चेंडू अंगावर गोळीसारखा येतो. जाळीच्या बाहेर बसला असाल तर पिचरने चेंडू टाकला की फोनमधून डोकं वर काढा. तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं की इजा झाली तर जबाबदारी तुमची. दुसऱ्याच्या पोराच्या हातातून चेंडू ओढून घेऊ नका, कॅमेरे असतात आणि तसे व्हिडिओ जगभर फिरतात.

सह्या हव्या असतील तर गेट उघडल्या उघडल्या, म्हणजे साधारण तासभर आधी आत जा आणि डगआउटजवळच्या कठड्याशी उभे राहा. खेळाडू स्ट्रेचिंग करून परततात तेव्हा मुलांना सह्या देतात. मुलाला खेळाडूच्या नावाने हाक मारायला शिकवा. नाव पाठीवर नसलं तर नंबरावरून टीमच्या यादीत शोधा. "हे, यू" म्हटलं की कोणी वळत नाही.

दोन इनिंगच्या मध्ये काहीतरी चालूच असतं: टीमच्या शुभंकराची मुलांशी शर्यत, बॅटवर कपाळ टेकवून गोल फिरून धावायचं, तोफेतून टी-शर्ट. एखादी भोळी, जरा बावळट मजा असते. गावच्या जत्रेत असते तशी. नाक मुरडू नका. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून एक जुनं गाणं म्हणतात, त्यात शेंगांचाही उल्लेख आहे. सुरुवातीला राष्ट्रगीत असतं, तेव्हा टोपी काढून उभं राहायचं. बॅटर खेळत असताना जिन्यात थांबा, त्याची खेळी संपली की सीटवर जा.

८. पाऊस आला तर

गडगडाट झाला की मैदान रिकामं करतात आणि सगळे छपराखाली थांबतात. गेम रद्द झाला तर पैसे परत मिळत नाहीत, साधारणपणे त्याच सीझनमधल्या दुसऱ्या गेमचं तिकीट मिळतं. म्हणून सीझनच्या शेवटच्या आठवड्यातली तिकिटं काढू नका. सप्टेंबरात बदलून घ्यायला गेमच उरत नाहीत. रद्द झालेला गेम बहुतेक दुसऱ्या दिवशी जोडून खेळतात. अशा दिवशी दोन्ही गेम सात-सात इनिंगचे असतात. एका तिकिटात दोन्ही मिळतात की नाही ते विचारा.

९. किती वाजता निघाल

आता पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे गेम अडीच-पावणेतीन तासांत आटपतो. बरोबरी झाली तर जादा इनिंग सुरू होताना सेकंड बेसवर आयता एक धावपटू ठेवतात, निकाल लवकर लागावा म्हणून. पूर्वी असं नव्हतं. १९८१ च्या एप्रिलमध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला एक गेम ईस्टरच्या आदल्या रात्री सुरू झाला, ३२ इनिंग झाल्या तरी निकाल लागेना, पहाटे चारनंतर थांबवला, तेव्हा थंडीत फक्त १९ प्रेक्षक उरले होते. उरलेली एक इनिंग जूनमध्ये खेळवली. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की ती त्यांनी साताऱ्यात सगळ्यांना सांगितली, दर वेळी प्रेक्षक कमी करत करत.

फटाक्यांच्या रात्री पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास सहज जातो. गाडी आत घालतानाच नाक बाहेरच्या दिशेला करून लावा, किंवा शांतपणे बसून राहा. ब्रिजवॉटरला रेल्वे स्टेशन मैदानाला लागूनच आहे. रॅरिटन व्हॅली लाइनवर राहत असाल तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, रात्री गाड्या विरळ असतात.

आणि घरी पोचल्यावर, कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी, बाबांच्या पँटचे खिसे तपासा. भुईमुगाची टरफलं मशीनच्या जाळीतून काढायला मला पूर्ण रविवार लागला होता.